मशीनच्या तोंडावर

१८ जून

शीतल मॅडमनी आज तिसऱ्यांदा विचारलं, "पद्माताई, ॲप का नको?" मी तिसऱ्यांदा सांगितलं, ॲपमुळे कुणाचा हात गेलेला मी पाहिलेला नाही. मळणी यंत्रात गेलेला पाहिला आहे.

वर्गातले बाकीचे सगळे ॲप करत आहेत. एक जण पिण्याच्या पाण्याची आठवण करून देणारं ॲप करतोय. तहान लागली की माणूस पाणी पितो, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

हा विद्यापीठाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नाव ह्यूमन फॅक्टर्स इंजिनिअरिंग. तास फोनवर, अधूनमधून पुण्याची फेरी. गावात कुणी विचारलं तर मी सांगते, यंत्र माणसाच्या बेताचं कसं करायचं त्याचं शिक्षण आहे. ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आन् माणूस यंत्राच्या बेताचा होऊन बसला, त्याचं काय?" ह्यांना विनोद सुचला की चहा जास्त लागतो. दिला.

मला हे शास्त्र आवडलं ते त्याच्या शिस्तीमुळे. अपघाताचं कारण म्हणून 'दुर्लक्ष' लिहायची इथे सोय नाही. 'दुर्लक्ष' लिहिणं म्हणजे गणिताच्या उत्तराच्या जागी 'देव जाणे' लिहिणं.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात चांगुणाच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. ती माझ्या थोरल्या दिरांची सून. मशीन दिरांचंच, ट्रॅक्टरवर दीरच. सगळ्या गावाने एकच उत्तर दिलं: "तिचं ध्यान नव्हतं." त्याच आठवड्यात मी या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला.

विषय मळणी यंत्रच राहील. मॅडमना लेखी कळवलं.

२१ जून

मंजूर. पण समितीची अट आहे: जे काही बनवाल ते शेतात, खऱ्या कामात, खऱ्या माणसांनी वापरलेलं दाखवा. नाहीतर प्रकल्प ग्राह्य धरणार नाही. अट योग्य आहे. मी समितीत असते तर हीच घातली असती.

गावात सोयाबीन काढायचं मशीन एकच, थोरल्या भाऊजींचं. ह्यांना म्हटलं, तुम्ही त्यांच्याशी बोला.

"मीच काहून? तुझा अभ्यास, तू बोल."

"मी कशी बोलणार?"

"व्हय, ते बी हाय," म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

मी थोरल्या भाऊजींशी आजवर समोरासमोर बोललेले नाही. त्यात विशेष काही नाही. ते अंगणात आले की मी डोक्यावरून पदर घेते आणि आत जाते. काही सांगायचं असेल तर हे सांगतात. शाळेत मुख्याध्यापिका असताना माझ्या खोलीत यायला तालुक्याचे पुढारी कचरायचे. पण शाळा ती शाळा, घर ते घर. रीत पाळल्याने कुणाचं काही अडत नाही.

९ जुलै

भाऊजी हिंगोलीला गेलेले पाहून मशीन मोजून आले. चांगुणाने शेडचं दार उघडून दिलं. डाव्या हाताने कडी काढायची सवय झाली आहे तिला.

मांडणी सरळ आहे आणि सरळ चुकीची आहे. मशीनला तोंड आहे, तोंडापुढे उतरता पत्रा. बाई गंजीतून कवळ घेते, पत्र्यावर टाकते, आत ढकलते. आत दात्यांचा ढोल फिरतो. मशीन चालतं ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टर बंद करायचा दांडा आहे चालकाच्या हाताशी, पलीकडच्या टोकाला. म्हणजे जिचा हात धोक्यात ती इकडे, थांबवणारा तिकडे, मध्ये एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

उपाय मला तिथेच सुचला. ट्रॅक्टरच्या त्या दांड्याला दोर बांधायचा, तो मशीनवरून आणून तोंडापाशी सोडायचा, खाली लाल मूठ. बाईने मूठ ओढली की इंजिन बंद. चालकाने ऐकायची गरजच नाही.

इतकं सोपं असूनही आजवर कुणी का केलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं.

१६ जुलै

तासाला रेंज नव्हती म्हणून गच्चीवर बसले. विषय: माणसाकडून खरी माहिती कशी काढावी. प्राध्यापक म्हणाले, समोरचा तुम्हाला खूश करणारं उत्तर देतो, सावध राहा. मी वहीत लिहून घेतलं. आमच्याकडे तशी अडचण येणार नाही. इथल्या बहुतेक बाया माझ्या हाताखाली शिकलेल्या आहेत. माझ्याशी खोटं बोलायची त्यांची हिंमत नाही.

३ ऑगस्ट

चांगुणाची मुलाखत घेतली. प्रश्नावली मी स्वतः तयार केली आहे, उत्तरं हो किंवा नाही.

"अपघाताच्या वेळी तू आवाज दिलास का?"

"दिला."

"चालकाला ऐकू गेला का?"

"न्हाई."

"मशीनच्या आवाजामुळे?"

ती म्हणाली, "आत्या, आवाज द्यायचा म्हणजे काय म्हणून द्यायचा?"

"हो की नाही, तेवढंच सांग. बाकीचं मग बोलू."

"व्हय मग. आवाजामुळंच लिहा."

लिहिलं. माझ्या मांडणीला तिचं उत्तर तंतोतंत जुळलं. चहा न घेताच गेली.

२८ ऑगस्ट

भाऊजींचा निरोप ह्यांनी आणला: "दादा म्हणतो, बांधा दोर. मशीनीला छिद्र पाडायचं न्हाई आन् रंग खरवडायचा न्हाई." छिद्र लागत नाही. बांधला.

आज शेडमध्ये पहिली चाचणी. तांड्यावरच्या बाया बोलावल्या होत्या. हंगामात मशीनवर त्यांचीच टोळी असते. जिवनबाई टोळीची मुकादम, आणि तिची नवी सून निलम. निलम माझ्या शाळेच्या शेवटच्या तुकडीतली, अक्षर चांगलं. ट्रॅक्टर चालू, मशीन रिकामं. मी शिट्टी वाजवली की मूठ ओढायची.

प्रत्येकीने ओढली. एकदाही चूक नाही.

"काही त्रास? मूठ उंच वाटते? लांब वाटते?"

"न्हाई बाई, बराबर हाय."

"अजून काही सुधारणा?"

"बराबर हाय, बाई."

जिवनबाई म्हणाली, "बाई, आमच्या घरच्या मालकाला बी असा एक दोर बांधून द्या. वढला की बंद." सगळ्या हसल्या. मी शांत राहायला सांगितलं, राहिल्या.

शीतल मॅडमना निकाल कळवला: पूर्ण यश. त्यांनी उलट विचारलं, "शिट्टी कोणी वाजवली?"

"मीच."

"हं," म्हणाल्या. या 'हं'चा अर्थ काय, ते त्यांनी सांगायला हवं होतं. मार्गदर्शक आहेत.

३० सप्टेंबर

हंगामाचा पहिला दिवस, भाऊजींच्याच शेतात. मी गंजीजवळ पदर घेऊन उभी. भाऊजी ट्रॅक्टरवर, लाल मूठ तोंडापाशी लोंबती.

दुपारच्या आत तोंडात बोळा अडकला. ओलसर काड होतं. जिवनबाईने काय करावं? मूठ तिच्या खांद्याला घासत होती, तरी तिने हाताने बोळा आत रेटला. कोपरापर्यंत हात आत. रेटला, बोळा सुटला, पुन्हा कवळ उचलली.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, "दोर कशाला बांधलाय?"

"इसरले, बाई."

"शेडमध्ये नाही विसरलीस."

ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "तितं तुमी शिट्टी वाजवली. हितं मालकाची मशीन चालू हाय, मालक स्वोता बसून राहिला वर. त्याला न इचारता बंद कशी करावी?"

"हात जाईल तेव्हा विचारशील?"

"आता गेला न्हाई ना."

बाकीच्या खाली बघून जेवत होत्या. निलम तोंडाला पदर लावून हसत होती, आणि मी बघितल्यावर हसायची थांबली.

निष्कर्ष: प्रशिक्षण कमी पडलं.

१ ऑक्टोबर

काम सुरू व्हायच्या आधी बायांना ओळीने उभं करून प्रत्येकीकडून मूठ ओढून घेतली. तोंडाने म्हणवून घेतलं: "धोका वाटला की दोर." खणखणीत म्हटलं सगळ्यांनी.

त्यानंतर दिवसभरात दोनदा बोळा अडकला. एकीनेही हात लावला नाही मुठीला.

संध्याकाळी भाऊजी ट्रॅक्टरवरून उतरले आणि माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून, पलीकडे शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या ह्यांना ओरडून म्हणाले, "विश्वंभर! तुझ्या घरच्या मास्तरणीला सांग, तिचा दोर माझ्या पायात येऊन राहिला." आणि त्यांनी दोर गुंडाळून ट्रॅक्टरच्या मडगार्डला बांधून टाकला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायची जागा ती नव्हती.

३ ऑक्टोबर

मॅडमना सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी समितीतल्या सरांना फोनवर जोडून घेतलं. सर फार समजूतदार आवाजात म्हणाले, "शेडमधली चाचणी उत्तम आहे. तीच मांडा. शेतातल्याबद्दल एक परिच्छेद लिहा: वापरकर्त्यांच्या दुर्लक्षामुळे उपकरण वापरले गेले नाही, जनजागृतीची गरज आहे. विषय संपला. तुमचं वय पाहता तुम्ही जे केलंत तेच कौतुकास्पद आहे."

दुर्लक्ष! ज्या शब्दाला बंदी म्हणून मी या विद्यापीठात आले, तो शब्द मला विद्यापीठच हातात देत आहे.

मी म्हटलं, "सर, माझं वय प्रश्नपत्रिकेत नाही. दोर कुणी ओढला नाही, म्हणजे दोर नापास झाला. बाया नव्हेत. मी तसंच लिहिणार."

"मग शेतातला वापर दाखवायची अट पूर्ण होत नाही. प्रकल्प अडकेल."

"अडकू द्या."

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "नापास झालीस तर?"

म्हटलं, मी उभ्या आयुष्यात पुष्कळांना नापास केलंय. कुणी मेलं नाही त्याने. आणि खोटं लिहून पास झालेल्याला मी कधी वर्गात बसू दिलं नाही.

पण दोर का ओढला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तेवढंच लागलंय मनाला.

५ ऑक्टोबर

सकाळी चांगुणा आली. मी तूर निवडत होते. बसली नाही, चौकटीला टेकून उभी राहिली. एरवी हळू बोलणारी पोर, आज एका दमात बोलली.

"त्या दिशी तुमी मला बोलू दिलं न्हाई. आज बोलते. मी आवाज दिला म्हणले ना? काय म्हणून दिला सांगू? 'अवं' म्हणून दिला. 'अवं, अवं' करत राहिले. कुणाला 'अवं'? मामांजीला 'अवं' म्हणता येत न्हाई. मामांजी म्हणून हाक मारायची तर लगीन झाल्यापासून एकदा बी मारली न्हाई. नाव तर घ्यायचंच न्हाई. हात आत गेला तरी तोंडातून निघालं न्हाई, आत्या. आन् त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, तर मी काय केलं म्हाईत हाय? डाव्या हातानं पदर पुढं वढला. मशीन उजवा खाऊन राहिली आन् मी डाव्यानं पदर वढून राहिले."

तुरीचं सूप माझ्या मांडीवर तसंच राहिलं.

"आन् तुमी बायांना म्हणता, दोर वढा. हाक मारता येत न्हाई त्याची मशीन बंद करायची? दोर म्हंजे हाकच हाय की. उलट मोठी हाक."

हे प्रश्नावलीत नव्हतं. असायला हवं होतं.

मी तिला म्हटलं, "जिवावर बेतलं तर कसली रीत, चांगुणा? ओरडायचं सरळ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय, आत्या," आणि गेली. काय बघत होती कोण जाणे.

७ ऑक्टोबर



आज दुपारी मशीनच्या तोंडावर निलम होती. धुरळा नाकात जाऊ नये म्हणून बाया तोंडाला रुमाल गुंडाळतात, तसा तिने ओढणीचा फडका गुंडाळला होता. त्याचं टोक मागे गाठीतून सुटलेलं. मी फोनवर चित्रण करत होते. पत्र्यावर कवळ टाकायला ती वाकली, टोक काडासोबत गेलं आणि तिची मान खाली खेचली गेली.

दोर मडगार्डवर गुंडाळलेला.

मी तिच्यापासून पाच पावलांवर, भाऊजी त्या टोकाला, पाठ आमच्याकडे. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो "अहो!"

कुणीच वळलं नाही. का वळेल? मी कुणाला हाक मारली होती?

पुन्हा "अहो!"

आणि मग मी नाव घेतलं. "किसनराव! बंद करा! किसनराव!"

ते वळले. मला वाटतं मशीनच्या आवाजातही ते नाव त्यांना ऐकू गेलं, कारण ते तसं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. हात आपसूक दांड्यावर गेला. इंजिन बंद पडलं. ढोल मात्र आपल्या जोराने फिरतच राहिला आणि तेवढ्यात जिवनबाईने सुनेच्या मानेवरून फडका ओरबाडून काढला. फडका आत गेला, निलम बाहेर राहिली. मानेवर लाल वळ उठला आहे. खाली बसून खोकत होती, मग रडली, मग सासूची एक थप्पड खाल्ली. "गाठ मारता येत न्हाई का गं तुला?" म्हणून जिवनबाईने मारली आणि तिलाच कवटाळून स्वतः रडली.

माझ्या डोक्यावरचा पदर पडला होता. वारा लागला तेव्हा कळलं.

किसनराव उतरून आले. माझ्याकडे नाही, धुऱ्याकडे पाहून म्हणाले, "विश्वंभर, घरी घेऊन जा हिला."

मी म्हटलं, "त्यांना काय सांगता? मी इथे आहे. मला सांगा."

ते ट्रॅक्टरकडे वळले. मी घरी गेले नाही. निलमला पाणी पाजलं, तांड्यावर पोचवलं आणि मग माझ्या पायाने घरी आले.

८ ऑक्टोबर

गावात एकच चर्चा. निलमची नाही. 'मास्तरीणबाईनं भासऱ्याचं नाव घेतलं, ते बी भर शेतात.' पिठाच्या गिरणीत मी गेल्यावर बोलणं थांबलं. मी दळण ठेवलं आणि म्हटलं, "किसनराव. आणखी कुणाला ऐकायचंय?" गिरणीवाल्याने पट्टा घसरल्याचं निमित्त केलं.

हे दोन्ही वेळा न बोलता जेवले. हात धुताना म्हणाले, "काल दादाला जेवण गेलं न्हाई."

"निलमचं कायमचं गेलं असतं."

"मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? जेवण गेलं न्हाई, एवढंच म्हणलो."

भाऊजींचा निरोप: माझा कसलाही दोर, दांडा, कागद यापुढे मशीनजवळ दिसता कामा नये.

९ ऑक्टोबर

आता स्वच्छ दिसतंय. मी दोर बांधला तेव्हा यंत्र आणि हात यांच्यातलं अंतर मोजलं. सून आणि सासरा यांच्यातलं मोजलं नाही. बाईने ठरवून थांबवायचं असेल तर ती थांबवणार नाही, कारण थांबवणं म्हणजे कुणाला तरी थांबवणं. तेव्हा थांबवायचं कामच बाईकडे नको. ते तिच्या अंगाने व्हायला हवं, तिच्या नकळत.

पत्र्यापुढे कमरेच्या उंचीवर आडवा दांडा. उभं राहून कवळ टाकताना तो लागत नाही. हात दात्यांकडे न्यायचा तर वाकावं लागतं, वाकलं की पोट दांड्याला लागतं, दांडा ढकलला जातो, ट्रॅक्टरच्या दांड्याला बांधलेली तार ओढली जाते, इंजिन बंद. आणि ढोल थांबायला वेळ घेतो, हे परवा दिसलंच. म्हणून पत्राही लांब करायचा, म्हणजे ढोल थांबेपर्यंत बोटं दात्यांपर्यंत पोचणार नाहीत.

कुणी कुणाला हाक मारली नाही. कुणी कुणाचं मशीन बंद केलं नाही. बाई वाकली, एवढंच.

जीपने सेनगावला जाऊन वेल्डिंगवाल्याला चित्र दिलं. त्याने विचारलं, "हे कोणत्या मशीनीला?" म्हटलं, "ते मी बघते." ते अजून मलाही माहीत नाही.

११ ऑक्टोबर

दांडा, तार, लांब पत्रा, सगळं ओसरीत येऊन पडलंय. मशीन मात्र बंद शेडमध्ये.

शेडमध्ये, कारण तांड्यावरून आज कुणी कामाला गेलं नाही. कालही नाही. भाऊजींनी गाडी पाठवली तर जिवनबाईने रिकामी परत पाठवली. म्हणाली म्हणे, "आमच्या सुना काय काड हायेत का आत घालायला? बाईंनी कायतरी नवं करून आणलंय म्हणतात. ते लावा, मग येतो. न्हाई तर किसनराव पाटलांनी घरच्या बायका उभ्या कराव्यात तोंडावर."

मी त्यांना असं करायला सांगितलेलं नाही. पण गावाचा विश्वास बसत नाही. बसू नये तर नये.

घरच्या बायका म्हणजे कोण उरलं? चांगुणा. ती सासूला एवढंच म्हणाली, "माझा डावा हाय अजून."

पश्चिमेला ढग आहेत. गंज्या उघड्या आहेत.

१२ ऑक्टोबर

दसरा. हे आपट्याची पानं वाटायला गेले होते, घरी मी एकटी. अंगणात चपला वाजल्या. भाऊजी.

आत जायला उठले होते. नाही गेले. पदर घेतला, पण बसून राहिले.

ते ह्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे उभे राहिले आणि खुर्चीला म्हणाले, "विश्वंभर, तिला इचार, ते लोखंड कवा बसवायचं."

मी म्हटलं, "हे इथे नाहीत. खुर्ची आहे."

वाटलं, जातील. त्यांनी ओसरीतला दांडा पायाने थोडा हलवून पाहिला. मग माझ्याकडे नाही, दांड्याकडे नाही, मध्येच कुठेतरी पाहत म्हणाले, "मशीनीला छिद्र पाडावं लागंल?"

"चार."

"…पाडा मग."

नाव नाही, नातं नाही, हाक नाही. पण बोलले ते माझ्याशी. जाताना उंबऱ्यावर सोनं ठेवून गेले. मी उचललं.

१४ ऑक्टोबर

दांडा बसवला. वेल्डिंगवाला, मी, आणि भाऊजी बाजूला हात मागे बांधून. तांड्याच्या बाया आल्या. मी शिट्टी नेली नव्हती.

काम सुरू करायच्या आधी कुणीतरी करून बघायला हवं होतं. मी जिवनबाईला बोलावणार, तोच चांगुणा पुढे आली. अपघातानंतर ती मशीनच्या तोंडापाशी कधी गेलेली नाही. भाऊजी ट्रॅक्टरवर होते. त्यांनी सुनेला तोंडापाशी पाहिलं. इंजिन चालू केलं.

ती पत्र्यापुढे उभी राहिली. डाव्या हाताने थोडं काड टाकलं. मग वाकली. पोट दांड्याला लागलं. खट्. इंजिन बंद.

सगळं शांत झालं. ढोल गरगर करत थांबला.

भाऊजींनी पुन्हा चालू केलं. चांगुणा सरळ झाली, काड टाकलं, वाकली. बंद.

त्यांनी वळून पाहिलं. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तिने तो तसाच ठेवला. त्यांनी पुन्हा चालू केलं. तिने पुन्हा बंद केलं.

चौथ्यांदा. पाचव्यांदा. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं. चांगुणाचा चेहरा मात्र अगदी गंभीर, परीक्षेला बसल्यासारखा.

मी म्हटलं, "चांगुणा, पुरे. चालतंय ते. उगाच इंजिनवर ताण येतो."

"तपासून बघून राहिले, आत्या," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. ट्रॅक्टरकडे बघत. आणि पुन्हा वाकली.

दर वेळी भाऊजी खाली वाकून इंजिन चालू करत राहिले.

नंतर दिवसभर काम झालं. बोळा अडकला की बाई वाकायची, मशीन थांबायचं, काठीने बोळा काढायचा, पुन्हा सुरू. कुणी कुणाकडे बघितलं नाही. संध्याकाळी मॅडमना चित्रण पाठवलं आणि दोराची नापास चाचणीही सोबत ठेवली. सरांचा परिच्छेद लिहिणार नाही, हेही कळवलं. काय करायचं ते करा म्हणावं.

अहवालासाठी नोंद: दांड्याची पहिली चाचणी पूर्ण यशस्वी. चाचणी घेणाऱ्या व्यक्तीने उपकरण आवश्यकतेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा तपासले. कारण समजले नाही. पुढच्या वेळी तिला विचारायचं, आणि हो-नाही विचारायचं नाही.